पुण्याच्या मुक्कामात ट्रायथलॉनचा सराव: आधी तलाव, मग बाकी सगळं

ऑफिसचं ट्रेनिंग असो, घरचं लग्न असो की मुलाची ॲडमिशन, आठ-दहा दिवस पुण्यात राहायचं ठरलं की नवखा ट्रायथलीट (पोहणं, सायकल आणि धावणं एकाच शर्यतीत सलग करणारा) आधी सायकल कशी न्यायची याचा घोर लावून घेतो. सुरुवात तिथून करायची नसते. धावायला बूट पुरतात. सायकलला जिममधली स्पिन बाइक आठवडाभर चालून जाते. पोहायला मात्र तलावच लागतो, आणि तलाव दुसऱ्याच्या घड्याळावर चालतो: ठरलेली बॅच, ठरलेली सुट्टी, ठरलेले नियम. म्हणून आधी तलावाची बॅच नक्की करा आणि उरलेल्या वेळात बाकीचं बसवा.

हा लेख स्प्रिंट (७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं) किंवा ऑलिंपिक अंतराची (१.५ किमी, ४० किमी, १० किमी) तयारी करणाऱ्यांसाठी आहे. अर्ध किंवा पूर्ण आयर्नमॅनवाल्यांना (याहून बऱ्याच लांब शर्यती करणाऱ्यांना) लांब सायकलिंगचा भाग वाढवावा लागेल, बाकीचं तेच.

किती केलं की पुरतं?

घरी आठवड्याला आठ-नऊ तास सराव होत असेल तर पुण्यात पाच-सहा तासांत भागतं. वेळ कापा, जोर कापू नका. दर आठवड्याला तिन्ही प्रकारांत एकेक दमवणारं सत्र टिकलं, तर दोन-तीन आठवडे कमी सराव होऊनही दम फारसा उतरत नाही. उलट रोज तासभर रमतगमत जॉगिंग केलं, तर वेळ तेवढाच जातो आणि धार बोथट होते.

पोहण्याचा हिशेब थोडा वेगळा. तिथे दमाच्या आधी पाण्याची पकड जाते. हात तोच असतो, पण पाणी बोटांतून निसटतंय असं वाटतं, आणि नवख्याला हे चार-पाच दिवसांच्या खाड्यातही जाणवतं. त्यामुळे आठवड्यात दोनदा, अर्धाच तास का होईना, पाण्यात उतरायचं.

निघण्याच्या आधी: एक फोन आणि चार कागद

राहण्याची जागा तुमच्या हातात असेल तर डेक्कन, एरंडवणे, कोथरूड हा पट्टा सरावाला सोयीचा: टेकड्या पायाशी, सिंहगड रस्ता आवाक्यात. बाणेर-बालेवाडीकडे उतरणाऱ्यांना म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल जवळ पडतं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात ५० मीटरचा तलाव आहे. हिंजवडीत काम असेल तरी मुक्काम बालेवाडीकडेच करा, नाहीतर सकाळची बॅच आणि ऑफिस यांच्यामध्ये ट्रॅफिक उभं राहतं. डेक्कनचा टिळक तलाव पुणेकरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचा. याशिवाय महापालिकेचे, शाळा-कॉलेजांचे आणि सोसायट्यांचे तलाव आहेत. कोणताही निवडा, पण फोन करून पुढच्या गोष्टी विचारून घ्या.

१. एका दिवसाचा किंवा आठवड्याचा पास मिळतो का? बऱ्याच ठिकाणी महिन्याचीच पावती फाडतात, किंवा सभासदासोबत पाहुणा म्हणूनच सोडतात. आठवड्यासाठी महिन्याचे पैसे भरणं जिवावर येतं, पण आठ दिवसांत चारदा पोहणार असाल तर तो सौदा वाईट नाही.

२. साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी? प्रत्येक तलावाची वेगळी असते. ती न विचारता आखलेलं वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात कोलमडतं.

३. बॅच किती मिनिटांची, आणि त्या वेळी लेनचे दोर लावतात का? महिलांची बॅच वेगळी असते, तिची वेळही विचारा.

४. तलावाची लांबी किती, आणि ती मीटरमध्ये की यार्डात? २५ यार्ड म्हणजे २२.८६ मीटर. हे माहीत नसलं की शंभराचा वेळ अचानक सुधारल्यासारखा वाटतो आणि माणूस उगाच खूश होतो.

आधारची प्रत, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो आणि डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट घरूनच आणा. सर्टिफिकेट आयत्या वेळी पुण्यात मिळवायला गेलात की एक सकाळ त्यातच जाते. कॉश्च्युम नायलॉन किंवा लायक्राचा हवा. सुती चड्डी, बर्मुडा घालून आलेल्याला काठावरूनच परत पाठवतात. टोपी बहुतेक ठिकाणी सक्तीची. गॉगलचा एक जादा जोड बॅगेत टाका, कारण पट्टा तुटायचा तो नेमका प्रवासातच.

एप्रिल-मे म्हणजे उन्हाळी शिबिरांचे दिवस, तलावात पाय ठेवायला जागा नसते. त्या दोन महिन्यांत सकाळची पहिली बॅच किंवा दुपारची आडवेळची बॅच मागा. डिसेंबर-जानेवारीत चित्र उलटं: गर्दी विरळ, पण न तापवलेल्या तलावातलं पाणी हाडापर्यंत गार. पिंढरीत गोळा येतो तो तेव्हाच. उतरण्यापूर्वी काठावर पाच मिनिटं हात-पाय फिरवा आणि पहिल्या २०० मीटरमध्ये भिंतीला जोरात लाथ मारू नका.

पंचेचाळीस मिनिटांच्या बॅचचा हिशेब

शॉवर, टोपी, गॉगल, शेवटी शिट्टी वाजली की बाहेर, हे सगळं वजा जाता पाण्यात ३५ मिनिटं मिळतात. २५ मीटरच्या तलावात त्यात एवढं बसतं: २०० मीटर सावकाश, मग ५० मीटरचे चार फेरे तंत्रावर (एक हात पुढे थांबवून दुसऱ्याने ओढायचं, म्हणजे कॅच-अप), मग १०० मीटरचे सहा ते आठ, प्रत्येकानंतर २० सेकंद विश्रांती, शेवटी १०० मीटर सैल. शंभरांमधला पहिला आणि शेवटचा यांच्या वेळेत पाच सेकंदांहून जास्त फरक पडला तर सुरुवात फार जोरात झाली.

आता खरी अडचण. सार्वजनिक बॅचमध्ये लेन नसते, लोक आडवे-उभे कसेही पोहतात, आणि मध्येच कुणीतरी गप्पा मारत उभं असतं. यावर चिडण्यापेक्षा एका कडेची भिंत धरा, शंभराऐवजी पन्नासाचे फेरे करा आणि दर सहा हातांनंतर डोळे पाण्याच्या जेमतेम वर काढून समोर बघा. डोकं पूर्ण वर काढलं की कंबर बुडते आणि वेग जातो. डोळे मगरीसारखे पृष्ठभागावर आले की बास, श्वास पुढच्या हाताला बाजूने घ्यायचा. खुल्या पाण्यातल्या शर्यतीत हेच करावं लागतं. रिकाम्या लेनमध्ये ही सवय कुणी लावून घेत नाही, त्यामुळे गर्दीची बॅच आमच्या मते नवख्याच्या फायद्याचीच.

हॉटेलचा दहा-बारा मीटरचा तलाव अंतर कापायला निरुपयोगी. तिथे कमरेला रबरी दोरी बांधून, दुसरं टोक शिडीला अडकवून जागच्या जागी पोहा: एक मिनिट जोर, अर्धा मिनिट सैल, असं पंधरा वेळा. दोरीला हिसका बसून ती सुटली तर डोळ्यावर येते, म्हणून गाठ दोनदा ओढून बघा. तलाव अजिबात न मिळालेल्या दिवशी रबर ट्यूब खिडकीच्या गजाला अडकवून, कमरेत वाकून, कोपर वर ठेवत ओढण्याचे एकेक मिनिटाचे सहा-आठ संच करा. पाण्याची सर त्याला नाही, पण खांदे विसरत नाहीत.

आणि खडकवासल्याचं पाणी कितीही मोहात पाडो, तिथे उतरायचं नाही. ते शहराच्या पिण्याचं पाणी आहे. काठ गाळाचा आहे, तळ एकदम खोल जातो, जीवरक्षक नसतो. तिथे बुडालेल्यांत चांगलं पोहणारेही असतात.

सायकल आणायची की नाही?

मुक्काम पाच दिवसांहून कमी असेल तर आणू नका. फक्त सायकलचे बूट, तुमची पेडल आणि ती काढायचा पाना आणा. भाड्याच्या सायकलला स्वतःची पेडल लावली तरी निम्मं घर आल्यासारखं होतं. स्पिन बाइकवर मात्र पेडल बदलायला जिमवाले सहसा तयार नसतात, तिथे साधे बूट चालवून घ्या.

स्पिन बाइकचं सत्र असं: १० मिनिटं हलकं, मग ३ मिनिटं जोर आणि २ मिनिटं सैल असं पाच वेळा, शेवटी ५ मिनिटं हलकं. जोर म्हणजे दोन-तीन शब्दांहून जास्त बोलता येऊ नये इतका. मशिनवरच्या रेझिस्टन्सच्या आकड्याला अर्थ नसतो. प्रत्येक मशिनचा आकडा वेगळा. केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ८५-९० आणि छातीचे ठोके हेच बघा. जड चाक स्वतःच्या वेगाने पाय फिरवत राहतं, त्यामुळे रेझिस्टन्स कमी ठेवला तर पाय नुसते फिरतात, काम होत नाही. पंखा नसलेल्या कोपऱ्यात बसू नका. अंग तापतं, त्याच जोराला ठोके वाढतात आणि सत्र उगाच अवघड वाटतं. उतरल्यावर बूट बदलून लगेच १५ मिनिटं ट्रेडमिलवर, एक टक्का चढ ठेवून. झाला ब्रिक, म्हणजे सायकलला जोडून धावणं.

मुक्काम मोठा असेल तर सायकल आणा. रेल्वेने आणायची तर ती पार्सल ऑफिसला बुक होते आणि ब्रेक व्हॅनमधून येते. खाजगी बसच्या डिकीत घेणं न घेणं ड्रायव्हरच्या मर्जीवर. कसंही आणा, बांधणी सारखीच.

सीटपोस्टवर आणि हँडल जिथे पकडलंय तिथे रंगीत चिकटपट्टी गुंडाळून खूण करा. ही दोन मिनिटं न दिल्यामुळे सीट पाच-सात मिलिमीटरने खाली-वर होते आणि चौथ्या दिवशी गुडघा दुखायला लागतो. गिअर मागच्या सगळ्यात लहान दातेरी चकतीवर आणून चाक काढा. पेडल सोडवताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवा. दोन्ही बाजूंना पाना वरून मागच्या चाकाच्या दिशेने फिरवला की पेडल सुटतं. डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा घाला. चाक नसताना कुणी ब्रेक दाबला तर पॅड चिकटून बसतात. पुढच्या फोर्कच्या टोकांमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा. मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) हँगरसकट (तो फ्रेमला धरणारा तुकडा) काढून फडक्यात गुंडाळा, कारण आदळआपटीत सगळ्यात आधी वाकतो तो हँगरच. तो वाकलेला लक्षात आला नाही, तर चढावर सगळ्यात हलका गिअर टाकताच डिरेलर थेट आऱ्यांत शिरतो आणि मग सायकल टेम्पोत घालूनच परत आणावी लागते.

जोडताना हँडलचे चार बोल्ट तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळा. टॉर्क पाना असेल तर साधारण ५ न्यूटन मीटर, अर्थात स्टेमवर (हँडल धरणाऱ्या भागावर) लिहिलेला आकडा प्रमाण. टायर २८ मिलिमीटरचे असले तर बरं. सत्तर किलोच्या माणसाला हवेचा दाब ७०-७५ पीएसआय पुरे होतो. फुगवून दगड केलेला टायर इथल्या स्पीडब्रेकरवर आणि उड्डाणपुलांच्या सांध्यांवर नुसता आपटतो.

सिंहगड, आणि बाकीचे घाट

पुण्याच्या सायकलवाल्यांची मोजपट्टी म्हणजे सिंहगड. स्वारगेटहून सिंहगड रस्त्याने, धायरी फाटा, किरकटवाडी, खडकवासला, डोणजे असं करत पायथा वीस-पंचवीस किलोमीटरवर येतो. तिथून गाडीरस्त्याने आठ-नऊ किलोमीटरचा घाट, चढ साधारण ६०० मीटरचा. सरासरी सात टक्के, पण मधली काही वळणं बरीच खडी. पुढे ३४ आणि मागे ३२ दाते असतील तर ६० च्या केडन्सला ताशी आठ किलोमीटरचा वेग पडतो, तो नवख्यालाही जमतो. पुढे ३९ आणि मागे २५ असेल तर त्याच केडन्सला ताशी बाराच्या जवळ जावं लागतं. एवढा दम नसला की केडन्स चाळिसावर येतो आणि गुडघे बोलायला लागतात. तेव्हा गिअर मोजून घ्या आणि मगच घाटाला हात घाला. नवख्याला वर पोचायला तास-सव्वा तास लागतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

शनिवार-रविवारी आठनंतर घाटात गाड्यांची रांग लागते. जमलं तर मधल्या वारी जा. रविवारच हाती असेल तर साडेपाचला घर सोडा आणि आठच्या आत उतरून या. जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, पण जानेवारीत सात वाजून जातात, म्हणून पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा हवाच. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाच्या आधी दाबा, वळणात सोडा. सकाळी चढून येणाऱ्या गाड्या वळणावर तुमची बाजू खातात हे गृहीत धरूनच उतरा. वरचं मडक्यातलं दही खुशाल खा. भजी-पिठलं मात्र उतरल्यावर धावायचं असेल तर नको.

पावसाळ्यात घाटात दरड येते, रस्ता बंद होतो. आदल्या संध्याकाळी चौकशी करा. पहिल्या एक-दोन पावसांत रस्त्यावरचं तेल आणि माती मिसळून निसरडं होतं, तेव्हा सायकल घरीच बरी. चढ नको असेल तर डोणज्यावरून सरळ पानशेतचा रस्ता धरा. खाली-वर होत जाणारा आहे, एका जोराने दीड-दोन तास चालवायला उत्तम.

हडपसर-कोंढव्याकडे राहणाऱ्यांना बोपदेव घाट आणि दिवे घाट जवळ. दिवे घाटात जड वाहनं असतात, बोपदेव त्या मानाने बरा. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून दिवे घाटानेच सासवडला जाते. त्या दिवशी घाट वाहनांना बंद असतो आणि वळवलेली वाहतूक बोपदेवला येते, म्हणजे दोन्ही घाट तुमच्यासाठी बंदच समजा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला परवानगी नाही. कात्रज-देहूरोड बायपासवर नवले पुलाचा उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध, तिकडे फिरकूच नका. एरोबारवर (हँडलवरून पुढे आलेल्या दांड्यांवर) झोपून चालवणं गावाबाहेर रस्ता मोकळा झाल्यावरच. शहरात हात ब्रेकवर.

धावणं: टेकडी असताना ट्रेडमिल कशाला

पुण्याचं भाग्य म्हणजे गावाच्या पोटात टेकड्या आहेत. वेताळ टेकडीवर एआरएआय (वाहन संशोधन संस्था), गोखलेनगर, पाषाण अशा अनेक बाजूंनी जाता येतं. शिवाय तळजाई, हनुमान टेकडी, बाणेर-पाषाणची टेकडी. पायवाट मुरमाची, सुटे खडे भरपूर. रस्त्याचे गुळगुळीत तळव्यांचे बूट उतरताना घसरतात. इथे किलोमीटरला किती मिनिटं हे घड्याळात बघूच नका. दहा मिनिटं हलकं धावून ४५ सेकंदांचे सहा चढ जोरात घ्या, खाली चालत या, पुन्हा दहा मिनिटं हलकं. उजाडल्यावर जा, काळोखात एकट्याने नको.

सपाटीवर वेगाचं काम करायचं असेल तर सारसबागेजवळच्या सणस मैदानावर ४०० मीटरचा ट्रॅक आहे. बाहेरच्यांना कधी सोडतात ते फाटकावर विचारा. हलक्या धावण्याला प्रभात रोडच्या गल्ल्या, विद्यापीठाचा झाडीतला परिसर, किंवा सकाळी सहाच्या आत जंगली महाराज रस्त्याचा रुंद फुटपाथ. नदीपात्रातला रस्ता पावसाळ्यात टाळा. धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो.

भटकी कुत्री पहाटे टोळीने असतात. अंगावर आली तर पळू नका, चालायला लागा. सायकलवर असाल तर उतरून सायकल मध्ये धरा. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. ओरखडा लहान आहे म्हणून थांबू नका.

पाणी आणि पोटपूजा

समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचीचा बाऊ करू नका, सरावावर तिचा परिणाम जाणवण्याइतका नसतो. फेब्रुवारी ते मे ही कोरडी हवा मात्र कोकणातून येणाऱ्याला फसवते. घाम लगेच वाळतो, म्हणून तो येतच नाही असं वाटतं आणि पाणी कमी प्यायलं जातं. तासाला अर्धा ते पाऊण लिटरचा अंदाज ठेवा. मेडिकलमधली ओआरएसची पुडी एक लिटरची असते, अर्ध्या बाटलीत ओतू नका. त्यात साखर लिटरला १३.५ ग्रॅमच, म्हणजे क्षार मिळतात, ताकद नाही. दीड तासापुढच्या सायकलिंगला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम, वर राजगिऱ्याचा लाडू किंवा खजूर. सत्राच्या तासभर आधी इडली किंवा थोडे पोहे चालतात. मिसळ सराव संपल्यावरच.

एक आठवडा बसवून

सोमवारी पोचलात की २० मिनिटं हलकं धावा आणि रबर ट्यूब ओढा. मंगळवारी तलाव, शंभरांचे फेरे. बुधवारी स्पिन बाइक आणि लगेच १५ मिनिटं धावणं. गुरुवारी टेकडी. शुक्रवारी तलाव, डोळे वर काढायचा सराव. शनिवारी सुट्टी, लग्न-मुंजी असतातच. रविवारी पहाटे पानशेत रस्ता किंवा सिंहगड, अडीच तास. तलावाची सुट्टी मंगळवारी किंवा शुक्रवारी येत असेल तर तलावाचा दिवस सरकवा आणि त्याच्या जागी टेकडी किंवा जिम आणा. एखादं सत्र बुडालं तर ते दुसऱ्या दिवशी भरून काढायला जाऊ नका. एकाच प्रकारातली दोन दमवणारी सत्रं लागोपाठ आली की तिसरं हमखास फुकट जातं. जागरण झालं असेल तर जोराचं सत्र सोडा, हलकं करा. ताप असेल तर काहीच नको.

घरी परतल्यावर सायकल जोडली की आधी स्टँडवर लावून सगळे गिअर हाताने फिरवून बघा आणि पहिल्या रपेटीला चढाचा रस्ता धरू नका.